आधी थर्मामीटर, मग कूलर

स्पीडबोटीचं इंजिन ऑईल गरम होतंय म्हटलं की काठावर जमलेल्यांकडून तीन सल्ले येतात. मोठा कूलर टाका. जाड तेल टाका. तिसरा सल्ला हळू आवाजात येतो: काटाच काढून टाका, गिऱ्हाईक घाबरतं. भंडारदऱ्याच्या काठावर, शेंडीत, मी हे तिन्ही सल्ले ऐकले आहेत. सल्ला देणाऱ्यांपैकी कुणीही काही मोजलेलं नसतं. तेल का तापतंय हे मोजून, एकेक कारण बाजूला काढत शोधावं लागतं. आणि ज्या जलाशयाचं पाणी खाली चार-पाच तालुक्यांची तहान आणि शेती भागवतं, तिथे हे काम बोटमालकाच्या मर्जीवर सोडता येणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

मी राजूरला इंजिनं दुरुस्त करतो. सुरुवात विहिरीवरच्या डिझेल इंजिनांपासून झाली. मग ट्रॅक्टर आले, जीप आल्या, आणि पर्यटन वाढलं तशा बोटी आल्या. शेतातल्या जुन्या इंजिनाची पाण्याची टाकी वरून उघडी असायची. पाणी उकळायला लागलं की शेतकरी बांधावरून बघून सांगायचा, इंजिन तापलं. तेलाचं तसं नाही. ते चेंबरमध्ये, अंधारात असतं. ते १०५ अंशांवर आहे की १४० वर, हे बाहेरून दिसत नाही, वासावरून लवकर कळत नाही, आवाजावरून तर अगदी उशिरा कळतं. म्हणून तिथे काटा लागतो, आणि काटा खरं बोलतोय याची खात्री लागते.

बोटीचं इंजिन मोटारीपेक्षा जास्त का तापतं, हे आधी समजून घेऊ. मोटार सपाट रस्त्यावर ताशी ८० च्या वेगाने चालते तेव्हा तिच्या इंजिनाच्या ताकदीचा लहानसा हिस्साच वापरात असतो. बोट पाणी कापत, नाक वर करून पळते तेव्हा पाणी तिला सतत मागे ओढतं. कसारा घाट चढणाऱ्या भरल्या ट्रकची कल्पना करा, फक्त हा घाट संपतच नाही. पिस्टनच्या खालून उडणारं तेल पिस्टनची उष्णता घेतं, क्रँकच्या बेअरिंगमध्ये घासलं जाऊन स्वतःही तापतं आणि पुन्हा चेंबरमध्ये येतं. मोटारीत उतार लागतो, सिग्नल लागतो, तेलाला श्वास घ्यायला वेळ मिळतो. शेंडीहून रतनवाडीकडे फुल थ्रॉटलवर निघालेल्या बोटीला तो मिळत नाही.

आता आकडे. अशा पेट्रोल इंजिनाचं तेल जोरात चालताना साधारण ९० ते ११५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावं. १२० च्या पुढे ते सतत राहत असेल तर कारण शोधायला हवं. १३० च्या पुढे थ्रॉटल मागे घ्यायला हवा. तेल फार थंड असणंही बरं नाही. ८० च्या खाली राहिलेल्या तेलातून ओल आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही, त्याचा चिखल होतो. ‘मोठा कूलर टाका’ हा सल्ला डोळे झाकून ऐकू नये तो यासाठीच. डिसेंबरात सकाळी भंडारदऱ्याचं पाणी गारठलेलं असतं, आणि ऑईल थर्मोस्टॅटशिवाय बसवलेला मोठा कूलर तेव्हा तेल तापूच देत नाही.

जाड तेलाचं म्हणाल, तर ४० ग्रेडच्या तेलाची जाडी १०० अंशांवर १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या दरम्यान असावी असं मानक आहे. १३० अंशांवर तेच तेल याच्या जवळपास निम्म्यावर येतं, म्हणून प्रेशरचा काटाही खाली येतो. तो खाली आला म्हणून लोक ५० ग्रेड भरतात. जाड तेल फिरवायला जास्त घर्षण होतं आणि त्या घर्षणाची पुन्हा उष्णताच होते. प्रेशरचा काटा वर जाऊन मनाला बरं वाटतं, पण तापण्याचं मूळ कारण होतं तिथेच राहतं.

आणि एक हिशेब. तेलाचं तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं ऑक्सिडेशन ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतं. ११० वर १०० तास टिकणारं तेल १३० वर पंचवीसेक तासांत मरतं. सुट्टीच्या गर्दीत बोट दिवसभर फेऱ्या मारते. म्हणजे एका हंगामात मेलेल्या तेलावर किती फेऱ्या होत असतील याचा अंदाज वाचकांनीच करावा.

मागे एका मालकाने कोकण किनाऱ्यावरून जुनी स्पीडबोट आणली. ५.७ लिटरचं, आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, मागे स्टर्नड्राइव्ह. समुद्रावर ती शौकासाठी पळवली जायची. इथे पर्यटक बसवायचे होते. पहिल्याच रविवारी तेलाचा काटा १४० ला टेकला. पाण्याचा काटा मात्र ७० च्या आसपास, शांत. मालक म्हणाला, “मेस्त्री, पाणी तर थंड हाय. मोठा कूलरच टाकू, कटकट मिटंल.” त्याने कूलरची किंमतही काढून ठेवली होती. मी म्हटलं, “दादा, आधी काटा खरा बोलतोय का ते बघू. कूलर पळून जात नाही.”

सेंडर, म्हणजे तेलाचं तापमान काट्याला कळवणारा भाग, काढला आणि टपरीवरून उकळतं पाणी मागवलं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. भंडारदऱ्याचा जलाशय समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. इथे पाणी १०० अंशांवर उकळत नाही, साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतं. मुंबईत शिकलेला मुलगा उकळत्या पाण्यात सेंडर बुडवून काटा १०० दाखवतोय म्हणून खूश होईल आणि अडीच अंशांची चूक पदरात घेईल. आम्ही सोबत काचेचा थर्मामीटर ठेवला. त्यावर ९७, बोटीच्या काट्यावर १०६. सेंडर एका बनावटीचा आणि काटा दुसऱ्या बनावटीचा होता, दोघांचं माप जुळत नव्हतं. अमेरिकी आणि युरोपी सेंडरांचा रोध वेगवेगळा असतो आणि बदलताना दुकानात आटे जुळतात तेवढंच पाहिलं जातं. आणखी एक: सेंडरच्या आट्यांना पांढरी टेप जाड गुंडाळली किंवा अर्थिंग सैल असलं तर काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. ते जास्त धोक्याचं, कारण तेव्हा कुणी तक्रारच करत नाही.

म्हणजे १४० चे खरे १३० असावेत. काटा खोटा होता, पण तेलही खरंच तापत होतं. बरेच जण इथे थांबतात. काट्यात दोष सापडला की काटा बदलून मोकळे होतात. एक दोष सापडला म्हणून दुसरा नसेलच असं नाही.

इन्फ्रारेड थर्मामीटर आता सगळ्यांकडे आहे. बंदुकीसारखा रोखायचा आणि आकडा वाचायचा. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो हमखास खोटं बोलतो, खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा देतो. जिथे मोजायचं तिथे काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा किंवा काळा रंग मारा, मग रोखा. चार जागा महत्त्वाच्या: तेल कूलरमध्ये जातं ती, बाहेर येतं ती, पाणी आत जातं ती आणि बाहेर येतं ती. या चार आकड्यांत निम्मं निदान असतं. तेल कूलरमधून जवळजवळ तेवढंच गरम बाहेर येतंय आणि पाणीही आत आलं तसंच बाहेर पडतंय, तर कूलर आतून लिंपला गेला आहे किंवा तेल कूलरमधून जातच नाही, बायपासमधून वळतंय. पाणी बाहेर पडताना फार गरम असेल तर पाणी कमी येतंय. दोन्ही फरक चांगले आहेत, कूलर आपलं काम करतोय आणि तरी चेंबरमध्ये तेल तापलेलंच आहे, तर उष्णता मुळातच जास्त तयार होतेय. तेव्हा इंजिनाकडे आणि ओझ्याकडे बघायचं. मोठा कूलर फक्त या शेवटच्या प्रकारात विचारात घ्यावा, तोही ओझं तपासल्यानंतर.

मोजमापाआधी गेज पट्टी पाहिली. तेल भरपूर होतं, जरा जास्तच. बोट ट्रेलरवर होती आणि ट्रेलर काठाच्या उतारावर. इंजिन पाण्यात असताना ज्या कोनात असतं तो कोन तिथे नव्हता, त्यामुळे पट्टी कमी दाखवत होती आणि कुणीतरी वरून लिटरभर तेल ओतलं होतं. जास्त तेल म्हणजे जास्त थंडावा, असा समज सार्वत्रिक आहे. पण पातळी वाढली की फिरणारा क्रँक तेलात बुडतो, ते घुसळतो, फेस करतो. फेस म्हणजे हवा, आणि हवा बेअरिंगला वाचवत नाही. या घुसळण्यातून तेल आणखी तापतं. बोट सपाट पाण्यात उभी करून, इंजिन बंद करून, तेल खाली उतरू देऊन पट्टी पुन्हा पाहिली आणि जादा तेल काढलं. काढलेलं तेल हुंगलं, बोटांत चोळलं. पेट्रोलचा वास नव्हता, दुधट रंग नव्हता. म्हणजे रिंगा आणि हेड गॅस्केटवर तूर्त संशय नको.

मग तिथेच इंजिन सुरू केलं, बेल्टवरचा पंप चालू, चार जागांचे आकडे. कूलरमधून बाहेर येणारं पाणी हाताला सोसवत नव्हतं. पाणी कमी येत होतं. पण मग पाण्याचा काटा शांत कसा? मालकाला हेच कळत नव्हतं, आणि भले भले लोक इथेच फसतात. इंजिनाच्या पाण्याला थर्मोस्टॅट असतो. पाणी कमी आलं तरी तो आणखी उघडतो आणि ७० अंश राखत राहतो, त्याच्याकडे उघडायला जागा शिल्लक असेपर्यंत. तेलाच्या बाजूने असं सांभाळून घेणारं त्या बोटीत काही नव्हतं. म्हणून पाण्याच्या तुटवड्याची पहिली बातमी तेलाने दिली. पाण्याचा काटा शांत आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्या प्रत्येक बोटचालकाने हे नीट समजून घ्यावं.

पंप उघडला. रबरी इंपेलर नवा होता, आणल्यावर लगेच बदलला होता. मी विचारलं, जुना इंपेलर काढला तेव्हा त्याची सगळी पाती होती का? मालकाने ज्याच्याकडून काम करून घेतलं होतं त्याला फोन लावला. तीन पाती तुटलेली होती, म्हणून तर बदलला, असं उत्तर आलं. ती तीन पाती गेली कुठे, हे कुणी विचारलंच नव्हतं. ती वाऱ्यावर उडून गेलेली नसतात. पाण्याबरोबर पुढे जातात आणि पहिल्या बारीक नळीच्या तोंडाशी अडकतात. तेलाच्या कूलरचं टोक उघडलं, तर आत काळ्या रबराचे तुकडे, त्यांना अडकलेलं शेवाळ आणि त्यावर लाल गाळाचा थर. इथल्या गाळाचं नवल नाही. घाटघर, रतनवाडीच्या डोंगरांवर पाऊस कोसळतो आणि ती सगळी माती जलाशयात येते. पंधरा ऑगस्टच्या सुमाराला धरण भरतं तेव्हा पाणी गढूळ असतं, आणि मे महिन्यात पातळी खाली जाते तेव्हा काठाजवळचा उथळ गाळ बोट स्वतःच उपसून ओढते. म्हणून इथे जाळी आणि कूलरची तोंडं पावसाळ्यानंतर एकदा आणि उन्हाळ्याच्या गर्दीआधी एकदा उघडून बघायलाच हवीत.

कूलर साफ झाला, तेल १३० वरून ११८ वर आलं. बरं झालं, पण पूर्ण नाही. मालक थांबायला तयार होता. मी आरपीएम बघितला. इंजिनाला फुल थ्रॉटलवर ४८०० ते ५२०० ची मर्यादा दिलेली होती, आणि आठ माणसं बसवून ते ४५०० च्या पुढे जात नव्हतं. दम लागलेलं इंजिन पूर्ण थ्रॉटलवर कुंथत होतं. कारण पंख्यात, म्हणजे प्रोपेलरमध्ये होतं. समुद्रसपाटीवर दोघांनी पळवण्यासाठी निवडलेला तो पंखा. साडेसातशे मीटरवर हवा विरळ असते, साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद सात-आठ टक्क्यांनी घटते. वर माणसं वाढली. पंखा मात्र तोच, मोठ्या पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात बोट जास्त पुढे ढकलू पाहणारा. दोन इंच कमी पिचचा पंखा लावला, इंजिन ४९०० ला गेलं, वेग जेमतेम कमी झाला आणि तेल १०८ ते ११० वर स्थिरावलं. किनाऱ्यावरून घाटावर येणाऱ्या प्रत्येक बोटीचा पंखा तपासला पाहिजे, हे मी मिळेल त्याला सांगत असतो. पवना, मुळशी, भाटघर, भंडारदरा, सगळीकडे हेच लागू आहे.

त्या बोटीला मोठा कूलर लागला नाही. खर्च झाला तो सेंडर, गॅस्केट, पंखा आणि दोन दिवसांची मजुरी. इथेही काही सापडलं नसतं तर पुढे इग्निशनचं टायमिंग, मिश्रण कमी पेट्रोलचं होतंय का, रिंगांतून गॅस खाली येतोय का, ज्या बोटीत ऑईल थर्मोस्टॅट असतो तिथे तो अडकलाय का, होज पाईप उलटे जोडलेत का, अशी तपासणी करावी लागली असती. तिचा क्रम ठरलेला असावा: स्वस्त आणि सोपं आधी, इंजिन खोलणं सगळ्यात शेवटी.

हे सगळं वर्तमानपत्रात का लिहायचं, असं कुणी विचारेल. गॅरेजमधली बाब गॅरेजमध्ये ठेवा. माझा विरोध नेमका या विचाराला आहे.

तेलाचा कूलर आतून कसा असतो ते पाहा. बारीक तांब्याच्या नळ्यांतून जलाशयाचं पाणी जातं, नळ्यांभोवती इंजिनाचं तेल. जोरात चालताना तेलाचा दाब चौरस इंचाला ५०-६० पाउंड, पाण्याचा दाब त्याच्या मानाने फार कमी. गाळाने आणि तापण्याने एखादी नळी फुटली की पाणी तेलात येण्याऐवजी तेल पाण्यात जातं, आणि एक्झॉस्टवाटे थेट जलाशयात. पाच लिटर तेल काही मिनिटांत संपतं. चालकाला ते कळतं कधी? प्रेशर आणि तापमानाचा काटा असेल आणि तो वाचत असेल तर लगेच. काटा नसेल तर इंजिन जाम झाल्यावर. तोवर तेलाचा तवंग पाण्यावर पसरलेला असतो.

हे पाणी कुठे जातं? प्रवरेवरच्या या दगडी धरणाचं लोकार्पण १० डिसेंबर १९२६ रोजी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते झालं, म्हणून विल्सन डॅम, आणि जलाशयाला आर्थर लेक म्हणतात. सुमारे ११ टीएमसी साठा. इथून सुटलेलं पाणी रंधा धबधब्यावरून निळवंडे धरणात उतरतं आणि पुढे अकोले, संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या शेताला आणि नळाला जातं. या पाण्याच्या आवर्तनासाठी खाली आंदोलनं होतात, जायकवाडीला किती सोडायचं यावरून न्यायालयात लढे होतात. एवढ्या मोलाच्या पाण्यात कोणतं इंजिन कोणत्या अवस्थेत फिरतंय, हे मात्र कुणी विचारत नाही. २०२६ मध्ये धरणाला शंभर वर्षं पूर्ण होतात. सोहळे होतील, पर्यटक वाढतील, बोटी वाढतील. त्याच वर्षी इंजिनांच्या तपासणीची साधी व्यवस्था व्हावी.

माणसांच्या जिवाचा प्रश्न याहून मोठा. २१ मे २०२४ ला उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. त्याच आठवड्यात आमच्याच प्रवरेत, अकोले तालुक्यातल्या सुगावला, बुडालेल्यांना शोधायला उतरलेली राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवान गेले. या दोन्ही दुर्घटनांचं कारण तेल नव्हतं. पण उजनीवर आला तसा वारा मे महिन्यात दुपारनंतर भंडारदऱ्यावरही अचानक उठतो. चालत्या इंजिनाची बोट नाक वाऱ्याकडे धरू शकते. जाम झालेल्या इंजिनाची बोट आडवी होते आणि लाट बाजूने घेते. म्हणून मधोमध इंजिन बंद पडणं ही मी फक्त दुरुस्तीच्या खर्चाची बाब मानत नाही.

१८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत काय झालं तेही विसरू नये. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली, १५ जण मृत्युमुखी पडले. इंजिनाची चाचणी सुरू असताना बिघाडामुळे नियंत्रण सुटल्याचं नौदलाने तेव्हा सांगितलं होतं. या घटनेनंतर लाइफ जॅकेटची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण चाचणी कुठे आणि कशी घ्यायची याची चर्चा आमच्यासारख्या छोट्या जलाशयांपर्यंत पोचलीच नाही. मी तेलाच्या तापमानाची फुल थ्रॉटल चाचणी घेतो तेव्हा बोटीत पर्यटक नसतात, सगळ्यांच्या अंगात जॅकेट असतं आणि इतर बोटी काठाला लागलेल्या असतात. ‘फेरी मारता मारता बघून घेऊ’ हा प्रकार इथे सर्रास चालतो. तो बंद झाला पाहिजे.

कायद्याची उणीव आहे असं मला वाटत नाही. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला. यांत्रिक बोटींची नोंदणी, सर्वेक्षण आणि चालकांची पात्रता या सगळ्याची तरतूद त्यात आहे. उणीव आहे ती सर्वेक्षणाच्या दिवशी इंजिनाचं झाकण उघडून काय बघायचं, याची. बोटीची लांबी, जॅकेट, अग्निशामक, माणसांची क्षमता, हे बघितलं जातं. तसंच प्रत्येक प्रवासी स्पीडबोटीवर तेलाच्या प्रेशरचा आणि इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेल्या, इंजिनावर तेलाच्या तापमानाचा काटा असावा, तो चालू असावा आणि वर्षातून एकदा उकळत्या पाण्यात तपासलेला असावा. मागे बाहेर टांगलेल्या आउटबोर्ड इंजिनांवर असा काटा सहसा नसतो. तिथे मागून येणारी पाण्याची धार, किल्ली फिरवताच वाजणारा बझर आणि तेलाची पट्टी, या तीन गोष्टी रोज पहिल्या फेरीआधी बघितल्याची नोंद असावी. नोंदवही साधी शंभर पानी चालेल. तारीख, इंजिनाचे तास, तेलाची पातळी, फुल थ्रॉटलवरचा आरपीएम, प्रेशर, तापमान. एका ओळीत मावतं.

ही ओळ किती उपयोगी पडते, हे मेस्त्रीला विचारा. ज्या बोटीची नोंद असते, तिचं तापमान एका महिन्यात १०६ वरून ११४ वर सरकलेलं मला वहीतच दिसतं आणि मी कूलर उघडतो, तो अजून फुटलेला नसतो. ज्या बोटीची नोंद नसते तिचा फोन येतो तेव्हा ती बोट दोरीने ओढून काठाला आणलेली असते. राजूर, शेंडी, मुतखेलची आमची मुलं हे काम शिकायला तयार आहेत. त्यांना पुण्या-मुंबईच्या वर्कशॉपची गरज नाही. एक चांगला थर्मामीटर, मल्टिमीटर, प्रेशर गेज आणि शिकवणारा माणूस मिळाला तरी बरंच होईल. अकोल्याच्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकच्या अभ्यासाबरोबर बोटीच्या इंजिनाचे चार तास घ्यायला मी आनंदाने जाईन.

मालकांनाही माझं एक सांगणं आहे. फेरी संपली की गरम इंजिन लगेच बंद करू नका. दोन-तीन मिनिटं संथ चालू द्या, म्हणजे तेल फिरत राहून बेअरिंग आणि पिस्टनची उष्णता बाहेर काढतं. रविवारी सलग फेऱ्या मारताना मध्ये दहा मिनिटं बोट थांबवा आणि काटा वाचा. त्या दहा मिनिटांत एक फेरी कमी होते. इंजिन बांधायला लागणारा खर्च पूर्ण हंगामाच्या कमाईएवढा होऊ शकतो.

आणि वाचकहो, तुम्ही भंडारदऱ्याला याल, बोटीत बसाल. जॅकेट मागाल, ते मागाच. त्याबरोबर चालकाला एवढं विचारा: तेलाचा काटा कुठे आहे, आणि आज तो किती दाखवतोय? उत्तर आकड्यात आलं तर खुशाल बसा. काटा बंद आहे असं उत्तर आलं तर दुसरी बोट घ्या, आणि काठावर परतल्यावर तिथल्या कार्यालयात लेखी तक्रार द्या.